वाडगाभर चहासाठी वज्रासन: जपानी चहापान समजून घेताना

२०२४ साली जपानला ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पर्यटक गेले. तोवरचा तो उच्चांक होता. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर क्योटोतल्या इप्पोदो आणि मारुक्यू कोयामाएन या नावाजलेल्या चहाच्या पेढ्यांनी माचाच्या, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीच्या, विक्रीवर मर्यादा घातली, कारण मागणीला माल पुरेना. या दोन्ही बातम्या आपल्याकडच्या सहलीच्या पत्रकात एका ओळीत एकत्र येतात: ‘क्योटो – टी सेरेमनी, ४५ मिनिटे’.

ती ओळ वाचून बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो. चहाला पाऊण तास? आणि तोही बिनदुधाचा, बिनसाखरेचा, तीन-चार घोटांचा? नीट समजून न घेता गेलात तर हा पाऊण तास खरंच जड जातो. पाय बधिर होतात, चहा कडू लागतो आणि दोन फोटो काढून माणसं बाहेर पडतात. समजून गेलात तर त्याच पाऊण तासात पाहायला बरंच काही असतं.

## ‘सेरेमनी’ या शब्दानंच घोटाळा होतो

जपानी भाषेत याला ‘चानोयु’ म्हणतात. शब्दशः अर्थ, चहासाठी गरम पाणी. बस्, इतकंच. वर्षानुवर्षं शिकण्याची विद्या म्हणून बोलायचं असेल तर ‘सादो’ म्हणजे ‘चहाची वाट’ असा शब्द आहे. समारंभ, विधी, सोहळा यांतलं दोन्ही नावांत काहीच नाही. ‘सेरेमनी’ म्हटलं की आपण प्रेक्षक होऊन बसतो आणि समोरचा काहीतरी करून दाखवणार म्हणून वाट पाहतो. इथेच चुकतं.

चानोयु म्हणजे नियमबद्ध पाहुणचार. आपल्याला त्यासाठी दूर जायला नको, पंगत आठवावी. मीठ पानाच्या वरच्या टोकाला, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. पान स्वच्छ असलं तरी त्यावर पाणी शिंपडून ते पुसायचं. भातावर तूप पडल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही आणि शेजाऱ्याचं जेवण व्हायच्या आत उठायचं नाही. यजमानानं फिरून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणायचं. परक्या माणसाला हा गूढ विधी वाटेल. आपल्याला ठाऊक असतं की यातलं बरंचसं सोयीचं आहे, थोडं श्रद्धेचं आहे आणि वाढणाऱ्याइतकाच जेवणाऱ्यालाही त्यात वाटा आहे. चहाच्या खोलीतही तसंच. निम्मं काम यजमानाचं, निम्मं पाहुण्याचं. आपलं निम्मं ठाऊक नसेल तर चहापान अर्धंच होतं.

आजच्या रूपाचं श्रेय सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या साकाईच्या व्यापारी घराण्यातल्या माणसाला देतात. त्याच्या आधी चहापान म्हणजे श्रीमंतांनी चिनी भांडी मिरवायची बैठक असे. रिक्यूनं खोली लहान केली, भांडी साधी केली, दार इतकं छोटं केलं की आत शिरताना गुडघे टेकून सरकावं लागतं. उंची आणि रुंदी दोन्ही जेमतेम ६५ सेंटिमीटर, तेव्हा सरदाराला कमरेची तलवार बाहेरच ठेवणं भाग. क्योटोजवळ यामाझाकी इथे त्याच्या नावावर सांगितली जाणारी ‘ताइआन’ ही खोली अजून उभी आहे. बसायची जागा फक्त दोन तातामींची. तातामी म्हणजे गवती विणीची जाड चटई, साधारण १८० बाय ९० सेंटिमीटर. दोन मिळून आपला मोठा डबलबेड. एवढ्या जागेत यजमान, पाहुणे आणि उकळतं पाणी. ज्या तोयोतोमी हिदेयोशीला रिक्यू चहा शिकवत असे, त्याच सत्ताधीशानं १५९१ मध्ये त्याला पोट फाडून मरायचा हुकूम दिला. कारण काय, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. रिक्यूच्या पणतवंडांपासून क्योटोत तीन घराणी झाली: ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के. आपल्याकडच्या गायकीच्या घराण्यांसारखंच, राग तोच, मांडणी वेगळी. उरासेन्केत चहावर भरपूर फेस आणतात, तर ओमोतेसेन्केत थोडा आणून चंद्रकोरीसारखा भाग मोकळा ठेवतात.

## चार तासांचं आणि पाऊण तासाचं

पूर्ण चहापान साधारण चार तास चालतं. आधी निखारे रचायचे, मग हलकं जेवण, मग गोड, मग पाहुण्यांनी बागेत जाऊन पाय मोकळे करायचे. परत आल्यावर दाट चहा, पुन्हा निखाऱ्यांची निगा आणि शेवटी पातळ चहा. पर्यटकांना मिळतो तो यातला फक्त शेवटचा तुकडा, म्हणजे एक गोड पदार्थ आणि पातळ चहा. सत्यनारायणाच्या पूजेला ऐन प्रसादाच्या वेळी पोचण्यासारखंच. त्यात कमीपणा नाही, पण आपण काय पाहतोय हे माहीत असावं.

पातळ चहाला ‘उसुचा’ म्हणतात. माणशी साधारण २ ग्रॅम पूड आणि ६० ते ७० मिलिलिटर पाणी. दाट तो ‘कोइचा’. त्यात माणशी ४ ग्रॅमच्या आसपास पूड आणि पाणी त्याहून कमी, त्यामुळे तो घुसळत नाहीत, कालवतात. दिसायला हिरव्या रंगाच्या पातळ लापशीसारखा. कोइचासाठी उत्तमातली उत्तम पूड लागते, कारण एवढ्या दाटपणात हलक्या पुडीचा कडूपणा लपत नाही.

## माचा म्हणजे नेमकं काय?

आपला चहा हा काढा आहे. पानातला अर्क पाण्यात उतरवायचा आणि चोथा फेकायचा. माचात चोथाच नाही, कारण पूर्ण पानाची वस्त्रगाळ पूड पाण्यात मिसळून पिऊन टाकायची असते. सगळा फरक इथून सुरू होतो.

वसंतात तोडणीआधी साधारण तीन आठवडे बागेवर आच्छादन घालतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं. चवीला गोडसरपणा देणारं थिॲनिन टिकून राहतं, आणि एरवी उन्हात त्याचंच जे तुरट कॅटेचिन झालं असतं ते कमी होतं. मग पान वाफवतात आणि न वळता वाळवतात. देठ-शिरा काढल्यावर उरलेला मऊ भाग दगडी जात्यात दळतात. जातं अगदी हळू फिरवावं लागतं, कारण वेग वाढला की दगड तापतो आणि तापलेल्या पुडीचा रंग व वास दोन्ही जातात. म्हणूनच एका जात्यातून तासाला ३० ते ४० ग्रॅमच पूड पडते, म्हणजे पंधरा-वीस वाडगे. चांगलं पान वर्षातून एकदाच, वसंतात, आणि नवी बाग लावली तर तिचं पान हाती यायला सुमारे पाच वर्षं. जगभरच्या कॅफेंनी एकदम मागणी केली तर पुरवठा का वाढत नाही, याचं उत्तर या हिशेबात आहे. (कॅफेतल्या हिरव्या दुधाला इतकी उत्तम पूड लागते का? लागत नाही. दूध-साखरेत तिची चव बुडून जाते.)

चहाचं बी चीनमधून आणून जपानात रुजवण्याचं श्रेय एइसाइ या भिक्षूला देतात. ११९१ साली तो चीनहून परतला. त्याचा जन्म किबित्सुचा, म्हणजे आजच्या ओकायामा भागातला. पुणेकरांना हे नाव परकं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून रचलंय, ती ओकायामातच आहे आणि तिथे चहाचा एक छोटा मळाही आहे.

## यजमान जे करतो, ते का करतो?

पाहुणे बसल्यावर यजमान भांडी घेऊन येतो. रेशमी रुमालाची विशिष्ट घडी घालून चहाचा डबा आणि बांबूची लांबट चमची पुसतो. ती आधीच लख्ख असतात, मागच्या खोलीत धुऊन-पुसून आणलेली. तरी पुन्हा का? पानावर पाणी शिंपडून आपण का पुसतो, त्याच कारणासाठी. स्वच्छता पाहुण्याच्या डोळ्यांदेखत व्हावी.

मग बांबूच्या ओगराळ्यानं वाडग्यात गरम पाणी घेतो आणि त्यात ‘चासेन’ बुडवून वर उचलून पाहतो. चासेन म्हणजे चहा घुसळायची बांबूची कुंचली. एकाच कांडाचं टोक चिरून ८० ते १२० बारीक काड्या काढलेल्या असतात. नारा प्रांतातलं ताकायामा हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. गरम पाण्यात बुडवण्यामागे दोन हेतू. कोरडी काडी मोडते, ओली वाकते, हा एक. आणि एखादी काडी तुटलेली असेल तर चहात पडायच्या आधी ती दिसावी, हा दुसरा. त्या पाण्यानं वाडगाही तापतो. पाणी टाकून, वाडगा तागाच्या फडक्यानं कोरडा करून दीड-दोन चमच्या पूड घालतात. ओगराळंभर पाणी घेऊन त्यातलं साधारण निम्मं वाडग्यात ओततात आणि उरलेलं हलक्या हातानं किटलीत परत सोडतात.

घुसळणं आपल्या रवीसारखं गोल नसतं. मनगट सैल ठेवून कुंचली पुढे-मागे चालवायची, वेगानं. तळाला दाबायची नाही, दाबली की काड्या पसरतात. शेवटी पृष्ठभागावर हळू फिरवून मोठे बुडबुडे फोडायचे आणि मधोमध उचलायची.

या सगळ्यात कोणी बोलत नाही तेव्हा कान उघडे ठेवावेत. ओतलेलं गरम पाणी आणि गार पाणी वेगवेगळा आवाज करतं. किटलीच्या मंद सुसाट्याला जपानी लोक पाइनच्या झाडांतून जाणारा वारा म्हणतात. मोबाइल बंद ठेवायला सांगतात, त्याचं खरं कारण हेच असावं.

खोलीची मांडणी ऋतूप्रमाणे बदलते. मे ते ऑक्टोबर शेगडी जमिनीवर असते आणि पाहुण्यांपासून दूर ठेवतात, कारण उकाडा असतो. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत चौकोनी खड्डा उघडून त्यात निखारे ठेवतात, म्हणजे ऊब पाहुण्यांना मिळते. चेरीच्या बहरात, मार्चअखेर-एप्रिलमध्ये गेलात तर खड्डा दिसेल. तातामीवरून चालताना तो सांभाळायचा असतो.

## आता पाळी तुमची

आधी गोड येतं. ते चहाबरोबर खायचं नसतं, आधी संपवायचं असतं. तोंडात उरलेल्या गोडीवर कडसर चहा छान बसतो. उन्हातून आलेल्याला आपण गूळ आणि पाणी देतो, क्रम तोच. नेहमीची चूक म्हणजे गोड राखून ठेवणं आणि चहा आल्यावर दोन्ही आलटून-पालटून घेणं.

वाडगा तुमच्यासमोर ठेवला की शेजारच्याकडे किंचित झुकून ‘ओसाकी नी’ म्हणायचं. म्हणजे, तुमच्याआधी घेतोय. यजमानाला ‘ओतेमाए चोदाइ इताशिमासु’, तुम्ही केलेला चहा घेतोय. दुसरं वाक्य जिभेवर आलं नाही तर नुसतं वाकलं तरी चालतं.

वाडगा उजव्या हातानं उचलून डाव्या तळहातावर ठेवायचा आणि उजव्या हातानं बाजूनं आधार द्यायचा. डावा हात लावायला आपल्याकडची माणसं बिचकतात. तिथे तसा संकेत नाही, उलट डावा तळहातच वाडग्याचं खरं बूड. नंतर वाडगा घड्याळाच्या दिशेनं दोनदा थोडा थोडा फिरवायचा. पर्यटकांना हे सगळ्यात गूढ वाटतं, पण कारण सरळ आहे. प्रत्येक वाडग्याला दर्शनी बाजू असते: नक्षी, रंगाचा ओघळ किंवा आकारातलं एखादं सौंदर्य. यजमान ती तुमच्याकडे करून देतो. तुम्ही नम्रपणे ती बाजू ओठांना न लावता दुसरीकडून पिता.

तीन-चार घोटांत संपवायचा. शेवटचा घोट आवाज करून, चक्क भुरका मारून. संपला हे यजमानाला त्यातून कळतं. सुसंस्कृत माणसं आवाज न करता पितात असं समजून शांत बसलात, तर यजमान वाट पाहत राहील. ओठ लागलेली कड बोटांनी पुसायची, बोटं जवळच्या कागदी रुमालाला पुसायची. वाडगा उलट दिशेनं फिरवून मूळ जागी आणायचा आणि मग खाली ठेवून न्याहाळायचा. उचलून पाहायचा असेल तर कोपरं मांड्यांवर टेकवून, चटईपासून वितीभर उंचीवर. हातातून सुटला तरी फुटू नये म्हणून. काही वाडगे शतकभर जुने असू शकतात.

त्याच कारणानं अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आधी काढून ठेवतात. धातूचा ओरखडा वाडग्याला कायमचा राहतो. न निघणाऱ्या बांगड्या असतील तर बाही वर ओढून घ्यावी किंवा रुमाल गुंडाळावा. अत्तर-परफ्यूम नको. निखाऱ्यांत सुगंधी धूप घातलेला असतो, आणि एवढ्याशा खोलीत दुसरा वास त्याला मारतो. पायात स्वच्छ मोजे हवेतच. अनवाणी पावलांचा घाम तातामीत मुरतो, म्हणून आपल्याला शुद्ध वाटणारं अनवाणीपण तिथे बेशिस्त ठरतं. तातामीच्या कापडी काठावर पाय द्यायचा नाही.

## “आम्हाला मांडी घालायची सवय आहे, बसायचं काय अवघड?”

मांडी नाही, वज्रासन. गुडघे पुढे, टाचांवर बसायचं, पायाचे अंगठे एकमेकांना टेकलेले किंवा एकावर एक. याला ‘सेइझा’ म्हणतात. जेवल्यावर पाच मिनिटं वज्रासन करणाऱ्यांनाही तीस मिनिटं जड जातात. अंगठ्यांची वर-खाली अदलाबदल करत राहिलं आणि वजन थोडं पुढे घेतलं तर मुंग्या उशिरा येतात. उठताना घाई केली तर माणूस पडतो, हे दरवर्षी कित्येकांचं होतं. आधी पावलांची बोटं जमिनीला टेकवून टाचा उभ्या करायच्या, त्यांवर बसून रक्त परत येईपर्यंत थांबायचं, मग एक पाय पुढे घ्यायचा.

यजमानानं ‘राकु नी’ म्हणजे आरामात बसा असं म्हटलं, की मांडी घातली तरी किंवा पाय एका बाजूला घेतले तरी चालतं. पाय लांब करून यजमानाकडे किंवा भिंतीतल्या कोनाड्याकडे रोखायचे नाहीत. कोनाड्यात चित्राक्षरांची गुंडाळी आणि फुलं असतात. तिकडे पाय का करू नयेत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आईवडील सोबत असतील तर नोंदणी करतानाच टेबल-खुर्चीची बैठक मागावी. तिला ‘र्युरेइ’ म्हणतात. ती दुय्यम नाही, याचं कारण पुढे येतंच.

## उष्ट्याचं काय?

काही वाचकांनी ऐकलेलं असतं की एकाच वाडग्यातून सगळे पितात. हे खरं आहे, पण ते दाट चहापुरतं. एक जण पितो, कड पुसतो, पुढच्याला देतो. जपान्यांसाठी ती एकत्वाची खूण आहे, आपल्या घरांत ते उष्टं. कोरोनानंतर दाट चहासुद्धा अनेक ठिकाणी वेगवेगळ्या वाडग्यांतून देऊ लागले. पर्यटकांच्या बैठकीत पातळ चहा असतो आणि तो माणशी स्वतंत्र वाडग्यातच येतो.

## शाकाहाऱ्यांनी काय विचारावं?

चहात काहीच अडचण नाही. गोडातही सहसा नाही. पारंपरिक जपानी मिठाई म्हणजे मुख्यतः शिजवलेल्या कडधान्यांचं साखर घालून आटवलेलं वाटण. लाल अझुकीचं किंवा पांढऱ्या घेवड्याचं. पुरणाची आठवण येते, फक्त वेलची-जायफळ नाही आणि तूपही नाही. घट्टपणासाठी वापरतात ते अगर समुद्री शेवाळाचं असतं. सुक्या मिठाईत साच्यात दाबलेली बारीक साखर असते. जपून राहावं ते अंड्यापाशी. कासुतेरा केक, दोरायाकी (दोन गोड चकत्यांत भरलेलं कडधान्याचं वाटण) आणि पिवळ्या बलकाचं सारण असलेले काही प्रकार यांत अंडं असतं.

खरी गोम जेवणासह चहापानात आहे. सूपच्या मुळाशी असलेल्या ‘दाशी’ या पाण्यात सहसा सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस उकळलेला असतो. ‘मांस नको’ म्हटलं तर यजमान प्रामाणिकपणे मांस काढतो, मासा राहतो. म्हणून ‘माशाची दाशीही नको’ हे शब्द वापरूनच सांगावं आणि तेही दोन-चार दिवस आधी, कारण दाशी आयत्या वेळी बदलता येत नाही. बौद्ध मठांतलं ‘शोजिन’ जेवण हा सुरक्षित पर्याय. त्यात दाशी कोंबू शेवाळ आणि मशरूमची असते, आणि कांदा-लसूणही टाळतात. जैन मंडळींनी मात्र थांबावं. मुळा, गाजर, कमळाचे कंद त्यात सर्रास असतात.

दोन ग्रॅम माचात साधारण ६० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन असतं, एका बऱ्या कपभर कॉफीच्या जवळ जाणारं. संध्याकाळी पाचनंतरची बैठक घेतली तर रात्री झोप उडू शकते. मुलांना अर्धाच वाडगा पुरे.

## “पण हे पर्यटकांसाठी मांडलेलं नाटकच ना?”

हा आक्षेप जपानी लोकही घेतात. तो फेटाळण्याआधी इतिहास पाहिला पाहिजे.

१८६९ मध्ये सम्राट टोकियोला गेले आणि हजार वर्षांची राजधानी क्योटो ओस पडू लागली. शहर सावरायला १८७२ मध्ये क्योटोत मोठं प्रदर्शन भरवलं. एरवी परदेशी माणसाला ठरावीक बंदरांपासून दूर जायची मुभा नव्हती. या प्रदर्शनासाठी खास परवाने दिले गेले. पाहुणे येणार, पण त्यांना जमिनीवर बसता येणार नाही. तेव्हा उरासेन्केचे अकरावे प्रमुख गेंगेनसाइ यांनी टेबल आणि स्टुलावर बसून चहा करायची पद्धत बसवली. तीच र्युरेइ. आज जपानी माणसंही ती सर्रास वापरतात. क्योटोच्या गिओन भागातल्या गेइको (क्योटोत गेशांना हेच म्हणतात) आणि माइको (शिकाऊ गेइको) दर एप्रिलमध्ये जे ‘मियाको ओदोरी’ नृत्य करतात, तेही १८७२ च्या त्याच प्रदर्शनासाठी सुरू झालं. आणि तिथे नाचाआधी मिळणारा चहा र्युरेइ पद्धतीनंच होतो.

म्हणजे परदेशी पाहुण्यासाठी बेतलेलं चहापान दीडशे वर्षांचं आहे, आणि ते घराण्याच्या प्रमुखानं स्वतः बेतलेलं आहे. पत्रकांवर हमखास छापलेला ‘इचिगो इचिए’, ही भेट आयुष्यात एकदाच, हा शब्दप्रयोग रूढ केला तो ई नाओसुके यानं. तोही चहाचा जाणकार, आणि १८५८ मध्ये अमेरिकेशी व्यापारी करार करून जपानची दारं उघडणारा शोगुनशाहीचा, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीचा, मुख्य कारभारीही तोच. दोन वर्षांनी त्याचा खून झाला.

तेव्हा प्रश्न पर्यटकांसाठी आहे की नाही हा नाही. प्रश्न असा, की तुमचा चहा तुमच्यासमोर होतोय का? नाटक तिथे सुरू होतं जिथे यजमान समोर एकच वाडगा करून दाखवतो आणि उरलेले तीस मागच्या खोलीत यंत्रानं घुसळून ताटातून येतात. मोठ्या मंदिरांतल्या गर्दीच्या चहापानात मागून वाडगे आणणं जुनंच आहे, त्याला नाव ठेवायला नको. पण छोट्या गटाचे पैसे देऊन ते मिळालं तर फसगत आहे.

## निवड आणि खर्च

छोट्या गटाच्या बैठकीला माणशी साधारण तीन ते पाच हजार येन पडतात, खासगी खोली घेतली तर बरेच जास्त. नोंदणीआधी चार गोष्टी विचाराव्यात. गटात किती जण? प्रत्येकाचा चहा समोर होतो का? खुर्ची मिळेल का? आणि स्वतः घुसळायला मिळतं का? शेवटचं मिळत असेल तर मुलं खूश होतात. पण आधी यजमानानं केलेला वाडगा मिळणार का, तेही पाहा. नुसतं स्वतः घुसळणं म्हणजे पाककृतीचा वर्ग झाला. उशिरा येणाऱ्याला बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत, कारण एकदा सुरू झालेला क्रम थांबवता येत नाही. दहा मिनिटं आधी पोचावं.

खर्च वाचवायचा असेल तर उजी शहरात ब्योदोइन मंदिराजवळ नगरपालिकेचं ‘ताइहोआन’ नावाचं चहाघर आहे. तिथे शिकलेले यजमान कमी पैशांत समोर चहा करून देतात. कामाकुराच्या होकोकुजी मंदिरात बांबूच्या बनासमोर, तर टोकियोच्या हामारिक्यू बागेत तळ्यातल्या चहाघरात वाडगा आणि गोड मिळतं. या दोन ठिकाणी तयार चहा येतो, करताना दिसत नाही, पण जागा सुरेख आहेत.

चहाला किमोनो लागत नाही. भाड्यानं घेतलाच तर डावी बाजू उजवीवर आली पाहिजे, उलटी फक्त मृताला नेसवतात. आणि तो घालून गिओनच्या गल्ल्यांत माइकोंमागे धावू नये. २०२४ पासून तिथल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे आणि दहा हजार येन दंडाच्या पाट्या लागल्या आहेत.

## घरी करायचा तर

डब्यावरच्या ‘सेरेमोनियल ग्रेड’ या शब्दांना जपानात कायद्यानं ठरलेला अर्थ नाही. तिथली दुकानं पातळ चहाची आणि दाट चहाची पूड असा भेद सांगतात. पातळवाली घ्या. रंग पोपटी-हिरवा हवा. पिवळट किंवा मातकट झालेली पूड हवा लागून शिळी झालेली असते.

सपाट चमचाभर, म्हणजे दोन ग्रॅम पूड बारीक चाळणीनं चाळून घ्यायची. हे टाळलं की गुठळ्या होतात आणि कितीही घुसळलं तरी फुटत नाहीत. पाणी ८० अंशांच्या आसपास हवं. उकळलेलं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात असं दोनदा ओतलं की साधारण तिथे येतं. उकळतं तसंच ओतलं तर कडू होतो. लोकांना ‘माचा आवडत नाही’ याचं निम्मं कारण हेच असतं. ७० मिलिलिटर पाणी, पंधरा-वीस सेकंद घुसळणं. फेस येत नसेल तर बहुधा वाडगा अरुंद आहे, कुंचलीला जागा मिळत नाही. कपाऐवजी पसरट वाडगा घ्या.

डबा फ्रिजमध्ये ठेवावा, पण बाहेर काढल्याबरोबर उघडू नये, विशेषतः आपल्या पावसाळ्यात. थंड पुडीवर हवेतली वाफ धरते आणि एका दिवसात तिचा गोळा होतो. डबा खोलीइतका कोमट झाला की मगच झाकण काढायचं, आणि उघडलेला डबा महिन्याभरात संपवायचा. चासेन नुसत्या पाण्यात फिरवून धुवावा. साबण लावला तर बांबू तो पितो आणि पुढचा वाडगा फेसाळतो, पण भलत्याच कारणानं.